बोट आणि कान

कादंबरीचे परीक्षण होते, नाट्यप्रयोगाचे होते, मैफलीचेही होते. सरावाच्या पाठांचे परीक्षण कोणी केल्याचे माझ्या पाहण्यात नाही. कित्ता हा गिरवायचा असतो, वाचायचा नसतो, अशी आपली पक्की समजूत आहे. गायकाचे पलटे, सतारियाचे बोल, चित्रकाराच्या रेषांच्या वह्या यांना आपण कलेच्या दारातले पायपुसणे समजतो : पाय पुसावे आणि आत जावे. ही समजूत मला अलीकडे चुकीची वाटू लागली आहे. ती का वाटते, हे सांगण्यासाठी मी एका आडवळणाच्या विषयाचा आधार घेणार आहे, आणि तो विषय जळगावात बसून काढल्याबद्दल वाचकांची आधीच क्षमा मागतो.

विषय गिटारच्या सरावाचा आहे. गिटार म्हटली की आमच्याकडे चित्रपटातले गाणे आणि पोलादी तारा डोळ्यांपुढे येतात. मी म्हणतो ती गिटार निराळी. तिच्या तीव्र स्वरांच्या तीन तारा नायलॉनच्या असतात आणि खर्जाच्या तीन तारांना धातूचे बारीक वेष्टन असते. पूर्वी या तारा आतड्याच्या असत. नायलॉन आले ते दुसऱ्या महायुद्धानंतर. ही गिटार नखीने वाजवीत नाहीत, उजव्या हाताच्या बोटांनी छेडतात. अंगठा, तर्जनी, मध्यमा आणि अनामिका अशी चार बोटे राबतात, करंगळी बसून असते. आवाज लहान, एका खोलीपुरता, आणि तोही खोली शांत असेल तर. या वाद्यासाठी गेल्या दोनशे वर्षांत सरावाचे जे पाठ लिहिले गेले, त्यांतल्या चार-पाचांकडे मी समीक्षकाच्या नजरेने पाहू इच्छितो.

हा खटाटोप जळगावच्या माणसाने कशासाठी करावा? एवढ्यासाठीच, की जिथे शिक्षक नसतो तिथे पुस्तक हाच शिक्षक होतो. मोठ्या शहरातल्या विद्यार्थ्याने पाठ चुकीचा वाजवला तर समोर बसलेला माणूस त्याचे मनगट धरून सरळ करतो. आमच्याकडे पाठ चुकला तर हात चुकतो, आणि तो चुकलेला कळायलाही दोन-तीन वर्षे लागतात. माझा चुकला. तेव्हा चांगला पाठ कोणता आणि वाईट कोणता, हा प्रश्न मला केवळ आस्वादाचा राहिलेला नाही.

वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी मी ही गिटार आणली. महाविद्यालयात मराठी शिकवणाऱ्या माणसाला उन्हाळ्याची सुट्टी मिळते. सरावाला तीच वेळ सापडली. आता जळगावचा मे महिना कसा असतो हे खानदेशाबाहेरच्या वाचकाला सांगायला हवे. पारा पंचेचाळीस अंशांच्या पुढे जातो. हवा इतकी कोरडी होते की लाकूड तडकते. गिटार जपावी म्हणून मी खोलीत पाण्याने भरलेली मातीची घागर ठेवीत असे, आणि स्वतःला जपावे म्हणून कूलर लावीत असे. खिडकीत बसवलेल्या त्या पत्र्याच्या पेटीची घरघर आमच्या घरांत मार्चपासून जूनपर्यंत थांबत नाही. त्या घरघरीत बसून मी दोन उन्हाळे रोज तीन-तीन तास सराव केला. मोबाइलवरच्या मेट्रोनोमचा दिवा लुकलुकत असे, त्याच्याकडे पाहत मी मिनिटाला साठ ठोक्यांवरून चौसष्टवर, चौसष्टवरून अडुसष्टवर जात असे, आणि प्रत्येक चढण वहीत तारखेसह लिहून ठेवीत असे. माझ्या पुस्तकात, म्हणजे स्कॉट टेनंटच्या १९९५ साली निघालेल्या 'पंपिंग नायलॉन'मध्ये, प्रत्येक आघातानंतर बोट सैल सोडा असे स्पष्ट बजावलेले आहे. ती वाक्ये मी वाचली नाहीत. मी फक्त पाठ पाहिले. शब्दांवर जगणाऱ्या माणसाने पुस्तकातले शब्द गाळून आकडे तेवढे वाचावेत, हा दोष पुस्तकाचा नव्हे.

तिसऱ्या उन्हाळ्यात फळ्यावर लिहिताना खांदा भरून येऊ लागला, आणि डाव्या हाताचा अंगठा मुळाशी इतका दुखू लागला की पाण्याचा तांब्या उचलवेना. डॉक्टरांनी दोन महिने वाद्य पेटीत ठेवायला सांगितले. मी ठेवले. त्या दोन महिन्यांत मला पहिल्यांदा भीती वाटली, की जे उशिरा मिळाले ते आता उशिरानेच जाणार.

याच सुमारास एका स्नेह्यांनी मला धुळ्यातल्या एका वृद्ध सतारियांचे नाव सुचवले. त्यांना गिटार येत नव्हती. पण त्यांनी गंधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांसाठी दोन पिढ्यांची मुले तयार केली होती, आणि दुखऱ्या हातांची त्यांना पारख होती. एका रविवारी मी एस.टी.ने एरंडोल-पारोळा करीत धुळ्याला गेलो. नवे धुळे हे कॅप्टन ब्रिग्ज याने १८१९च्या सुमारास आखलेल्या सरळ गल्ल्यांचे गाव आहे. तिथल्या जुन्या वस्तीत गल्ल्या क्रमांकाने ओळखल्या जातात. क्रमांकाच्या गल्लीत मी क्रमांकाचे पाठ घेऊन गेलो होतो. गुरुजींनी गिटार हातात घेऊन उलटसुलट पाहिली, परत दिली आणि म्हणाले, "वाजवा. जे रोज वाजवता तेच वाजवा." मी जुलियानीचा एक पाठ जपून वाजवला.

"भाऊ, यात सम कुठे आहे?"

"गुरुजी, हे सरावाचे आहे. यात सम नसते."

"सम नसलेला सराव कसला? परत वाजवा. आणि त्याआधी तो पंखा बंद करा."

माझ्या या लेखातले जे काही मोलाचे असेल ते त्या पंख्याच्या बटणापाशी सुरू होते.

माउरो जुलियानी (१७८१-१८२९) हा दक्षिण इटलीतल्या बिशेल्ये गावचा. तो १८०६ साली व्हिएन्नाला आला आणि तिथे त्याने गिटारला मोठी प्रतिष्ठा मिळवून दिली. त्याची पहिल्या क्रमांकाची कृती १८१२ साली प्रसिद्ध झाली, ती सरावाचीच आहे. तिच्या पहिल्या भागात उजव्या हाताचे एकशेवीस पाठ आहेत. या एकशेवीस पाठांत डाव्या हाताला जवळजवळ काही कामच नाही : सी मेजर आणि जी सेव्हन्थ असे दोन स्वरसंघ, त्यांची अदलाबदल आणि शेवटी परत सी मेजर. उजव्या हाताच्या बोटांचा क्रम मात्र प्रत्येक पाठात बदलतो. मेरुखंडाची सवय असलेल्या वाचकाला इथे एक गंमत दिसेल : पाच स्वरांचे प्रस्तारही एकशेवीसच होतात. हा निव्वळ योगायोग. जुलियानीने प्रस्तार मांडलेले नाहीत, त्याने हाताला सुचतील तशी वळणे गोळा केली आहेत. परंतु शार्ङ्गदेवाच्या ग्रंथात प्रस्तारांचे गणित ज्या निष्ठेने मांडले आहे, तीच निष्ठा इथे दिसते खरी : काही सुटू नये.

माझे पहिले मत असे होते, की ही कृती म्हणजे हजेरीपट आहे. एकशेवीस नावे, एकशेवीस खुणा. धुळ्याहून परतल्यावर हे मत मला बदलावे लागले. गुरुजींनी विचारलेली सम तिथे होतीच. सी मेजर हे घर आहे; जी सेव्हन्थ म्हणजे घराबाहेर पडून वळणावर उभे राहणे; आणि परतीचा सी मेजर म्हणजे दार उघडून आत येणे. हे जाणे-येणे कानाला जाणवले की हात आपोआप जी सेव्हन्थवर किंचित ताणतो आणि घरी आल्यावर सैल होतो. माझ्या हाताला हेच सैल होणे माहीत नव्हते. कूलरच्या घरघरीत मला दोन स्वरसंघांतला फरक ऐकू येत नव्हता, म्हणून एकशेवीस पाठ हा मला एकच अखंड ताण वाटत होता. शिवाय वाद्याचा लहान आवाज त्या घरघरीच्या वर यावा म्हणून मी नकळत तारा ओढीत होतो आणि पडदे दाबीत होतो. दुखणे बोटांत नव्हते. ते कानांतून हातात उतरले होते.

आणखी एक गोष्ट इथे नोंदवण्याजोगी आहे. मेल्त्सेलने मेट्रोनोमचे पेटंट घेतले ते १८१५ साली, म्हणजे या पाठांनंतर तीन वर्षांनी. तेव्हा मूळ पाठांवर मिनिटाला अमुक ठोके असा आकडा असणे शक्यच नाही. तो आकडा मागाहून आपण घातला. जुलियानीचे पाठ मी ज्या शर्यतीसाठी वापरत होतो ती शर्यत त्याने लावलेलीच नव्हती.

बा. सी. मर्ढेकर हे आमच्या फैजपूरला जन्मले, १९०९ साली. 'सौंदर्य आणि साहित्य' या १९५५च्या ग्रंथात त्यांनी कलाकृतीच्या घाटामागे लयीची तीन तत्त्वे मानली आहेत : संवाद, विरोध आणि समतोल. हा ग्रंथ मी वर्गात अनेक वर्षे शिकवला, पण त्याचा प्रत्यय मला जुलियानीने दिला असे म्हटले तर विद्यार्थी हसतील. बोटांचा एकच क्रम पुन्हा पुन्हा येतो हा संवाद. दोन स्वरसंघ एकमेकांना खेचतात हा विरोध. शेवटचा सी मेजर हा समतोल. चार-सहा मापांच्या पाठात याहून जास्त जागा नाही आणि याहून जास्त गरजही नाही. घाट आहे, तो ऐकला नाही तर मात्र उरतो तो हजेरीपट.

मर्ढेकरांच्या मांडणीपासून मला एका ठिकाणी दूर जावे लागते. त्यांच्या विवेचनात कलाकृतीचे घटक हे रसिकापर्यंत पोचणारे घटक आहेत. सरावाच्या पाठात एक घटक असा असतो की तो वाजवणाऱ्याखेरीज कोणालाच कळत नाही : श्रम. कुठे बोट आखडले, कुठे श्वास रोखला गेला, कुठे खांदा वर आला, हे शेजारच्या खोलीतल्या माणसाला कळत नाही. पाठाचा अर्धा घाट वाजवणाऱ्याच्या शरीरात असतो. म्हणून सरावाच्या पाठाला श्रोता एकच. तो श्रोता गैरहजर असेल तर पाठ वाजतो, पण घडत नाही. यातून मला एक कसोटी सापडली, आणि ती मी बाकीच्या पाठांना लावून पाहणार आहे : जो पाठ न ऐकताही वाजवता येतो तो कमी प्रतीचा, जो न ऐकता वाजवायला गेल्यास लगेच बिघडतो तो वरच्या प्रतीचा.

या कसोटीवर अवघड जागी सापडतात ते आंद्रेस सेगोव्हियाचे सप्तकांचे पाठ. सेगोव्हिया (१८९३-१९८७) हा विसाव्या शतकातला या वाद्याचा सर्वांत मोठा वादक. त्याने मेजर आणि मायनर सप्तकांच्या आरोह-अवरोहांची एक लहान पुस्तिका काढली, ती १९५३ साली प्रसिद्ध झाली. प्रस्तावनेत तो रोज दोन तास सप्तके वाजवण्याचा सल्ला देतो. बोटांच्या जागा त्याने फार विचाराने बांधून दिल्या आहेत. जागा बदलताना हात कुठून कुठे जावा याचे ते उत्तम नकाशे आहेत. पण नकाशा तो नकाशा. सप्तक न ऐकताही वाजवता येते. मी दोन उन्हाळे वाजवले. इथे पाठाचा घाट इतका उघडा आहे की वाजवणाऱ्याने तो स्वतः भरला नाही तर तो रिकामाच राहतो. गुरुजींनी सप्तक ऐकून एकच दुरुस्ती सुचवली. मेट्रोनोमचे आकडे चढवणे बंद करा, म्हणाले. ठोका तोच ठेवा, आधी ठाय वाजवा आणि मग एकदम दुगुन. या एका सूचनेत दोन संगीतपद्धतींमधला केवढा फरक आहे! आकडा चढवला की जमीनच सरकते. साठावर कमावलेले चौसष्टवर नव्याने कमवावे लागते. दुगुनीत जमीन स्थिर राहते आणि तिच्यावर चालणारा वेग बदलतो. कानाला धरायला काहीतरी उरते. ठोका धरून दुगुन केली की सेगोव्हियाची सप्तके माझ्या कसोटीवर उतरतात. तशीच वाजवली तर उतरत नाहीत. श्रेय कोणाला द्यावे, हे मी वाचकांवर सोपवतो.

मात्तेओ कार्कासी (मृत्यू १८५३) याचे साठाव्या क्रमांकाचे पंचवीस अभ्यासपाठ याच्या अगदी उलट आहेत. हा इटालियन पॅरिसमध्ये स्थायिक झालेला, आणि त्याचे हे पाठ आजही जगभर शिकवले जातात. त्यांतला तिसरा, ए मेजरमधला, मी नमुन्यादाखल घेतो. वरवर पाहता तो जुलियानीसारखाच आहे : स्वरसंघ मोडून एकेक तार छेडायची. पण वरच्या तारेवरचे काही स्वर मिळून एक चाल होते, आणि ती चाल वाजवायची असते अनामिकेने. चार बोटांत दुबळे बोट ते हेच. त्याला स्वतंत्र उचलायला गेले की मध्यमा सोबत येते. कसरतवाला काय करील? अनामिका बळकट व्हावी म्हणून तिला शंभर वेळा आपटील. कार्कासी तिच्या हाती गाणे देतो. चाल ऐकू आली पाहिजे या एकाच अटीत सारे शिक्षण आहे : अंगठ्याने दबून राहायचे, तर्जनी-मध्यमेने वाट द्यायची. अनामिकेला बळ द्यावे लागत नाही, बाकीच्यांना गप्प करावे लागते. हे न ऐकता कसे साधणार? कूलर चालू असताना हा पाठ मी वाजवला, तेव्हा तो मला जुलियानीचा एकशेएकविसावा वाटला होता. शांततेत वाजवला तेव्हा कळले, की हे गीत आहे आणि ते माझ्या हातून आजवर एकदाही गायले गेलेले नाही.

फर्नांदो सोर (१७७८-१८३९) याच्या पाठांकडे मी थोड्या भीतीने गेलो. बार्सेलोनाचा हा माणूस विचारवंत होता. १८३० साली पॅरिसमध्ये निघालेल्या त्याच्या 'पद्धती'त हुकूम थोडे आणि कारणे फार आहेत : अंगठा मानेच्या मागे का ठेवायचा, हात असाच का धरायचा. तो नखे न वापरता बोटांच्या पेरांनी वाजवीत असे. त्याचा बी मायनरमधला अभ्यासपाठ, पस्तिसाव्या क्रमांकातला बाविसावा, सेगोव्हियाने १९४५ साली निवडलेल्या सोरच्या वीस पाठांत पाचवा आहे. सहा महिने शिकलेल्या माणसालाही तो वाचता येतो. पण तो वाजवताना एक स्वर पुढचे दोन छेडून होईपर्यंत धरून ठेवावा लागतो. बोट लवकर उचलले तर चुकीचा स्वर येत नाही, फक्त चालीचा धागा तुटतो. ही चूक दुसऱ्याच्या लक्षात येणार नाही. ती आपणच ऐकायची आणि आपणच लाजायचे. माझ्या कसोटीवर हा पाठ सर्वांत वर येतो, कारण तो सोपा आहे. अवघड पाठात माणूस धडपडतो आणि धडपडीचा त्याला अभिमान वाटतो. सोप्या पाठात लपायला जागा नसते.

व्हिया-लोबोसच्या पहिल्या अभ्यासपाठाबद्दल मात्र मला कबुली द्यावी लागेल, की तो मला पुरता वाजवता येत नाही. या ब्राझीलच्या संगीतकाराने बारा अभ्यासपाठ लिहून १९२९ साली सेगोव्हियाला अर्पण केले. छापून यायला १९५३ उजाडले. पहिल्यात उजव्या हाताचा एकच लांब क्रम शेवटपर्यंत फिरत राहतो आणि जवळजवळ प्रत्येक माप दोनदा वाजवायचे असते. म्हणजे जुलियानी उलटा केला : तिथे डावा हात स्थिर आणि उजवा बदलता, इथे उजवा स्थिर आणि डावा चालता. मधल्या भागात डाव्या हाताचा एकच आकार वरच्या पडद्यांवरून एकेक पडदा खाली उतरतो, आणि कडेच्या दोन मोकळ्या तारा मात्र आपल्या जागी वाजत राहतात. त्यामुळे दर पडद्यावर त्याच दोन तारांशी नवे भांडण होते, कधी कडू, कधी गोड. मर्ढेकरांना विरोधलयीचे उदाहरण हवे असते तर यापेक्षा चांगले मिळाले नसते. पण हा पाठ वेगाला भुलवतो. न ऐकताही तो भव्य वाटतो, हा त्याचा दोष. मैफलीत टाळ्या घेणारा अभ्यासपाठ घरात शिकवीत नाही, असे मी म्हणालो तर ते कोल्ह्याचे द्राक्षांबद्दलचे मत समजावे.

एवढे परीक्षण झाल्यावर सांगायला हवे, की माझा हात ज्या पाठाने सुधारला तो यांपैकी कोणाचाच नाही. तो कोणी एकाने रचलेला नाही आणि स्वरलिपीत लिहिण्यासारखाही नाही. गुरुजींनी तो सतारीच्या मुलाला सांगावा तसा मला सांगितला. गिटारचे शिक्षकही तो देतात हे मला मागाहून कळले. तारेवर बोट नुसते टेकवायचे, दाबायचे नाही. छेडली तर तार मुका ठक् असा आवाज करते. मग दाब कणभर वाढवायचा : तार खरखरते. आणखी कणभर : खरखर जाते आणि स्वर उमटतो. तिथेच थांबायचे. पडद्याच्या लगत बोट असले तर याला इतके थोडे बळ लागते की माझा विश्वास बसेना. मी दोन वर्षे याच्या कितीतरी पट दाबत आलो होतो, आणि ते सगळे बळ अंगठ्याच्या मुळाशी जाऊन बसले होते. हा पाठ मी तीन महिने केला, दिवसाला दहा मिनिटे. यात वेग नाही, चाल नाही, आकडा नाही. खरखर संपून स्वर सुरू होतो तो क्षण ऐकणे, एवढेच यात आहे. कूलर चालू असताना हा पाठ करताच येत नाही. माझी कसोटी मला इथे जशीच्या तशी सापडली, म्हणून या निनावी पाठाला मी कार्कासी-सोरच्या पंक्तीला बसवतो.

यावर एक रास्त आक्षेप येईल. नुसते ऐकून स्नायू तयार होतात काय? नाही होत. बोट हे मांसाचे आहे आणि त्याला पुनरावृत्ती लागते. आपल्याकडे चाळीस दिवसांचा चिल्ला करणारे होते, आणि त्यांना ऐकू येत नव्हते असे कोण म्हणेल? माझी तक्रार पुनरावृत्तीबद्दल नाही, मोजदादीबद्दल आहे. अमुक उस्तादांचा रियाज किती तासांचा, हे आपण जितक्या आदराने सांगतो तितक्या आदराने त्या तासांत ते काय ऐकत होते हे सांगत नाही. आपण तास मोजतो, तिकडचे ठोके मोजतात. मोजणे दोघांचेही तेच. आणि आता तर मोबाइलवर वेगाच्या शर्यती दिवसरात्र पाहायला मिळतात. एकट्याने शिकणाऱ्या लहान गावातल्या मुलाला त्या मोजमापाचा मोह सर्वांत जास्त, कारण कोणी पाठ थोपटत नसले की आकडा थोपटतो. माझ्या वहीतले ते तारखेसहचे आकडे मी अजून जपून ठेवले आहेत. त्यांत मी किती वेगाने वाजवले हे सापडते; कसे वाजवले याची एकही नोंद नाही.

म्हणून सरावाच्या पाठांचे परीक्षण व्हायला हवे असे मला वाटते. गिटारचेच नव्हे, आपल्या पलट्यांचेही. कोणता पलटा कानाला जागा ठेवतो आणि कोणता नुसताच जिभेला राबवतो, हे कोणीतरी लिहावे. भातखंड्यांच्या क्रमिक पुस्तकांवरून शिकणारी मुले आजही एरंडोलला आहेत, पारोळ्याला आहेत. त्यांच्यापुढेही पुस्तकच आहे, आणि पुस्तक मनगट धरत नाही.

माझ्यापुरते सांगायचे तर हात बराचसा परत आला, वेग आला नाही. आता उन्हाळ्यात मी पहाटे साडेचारला उठतो. तेव्हा हवा थोडी सुसह्य असते आणि कूलर बंद ठेवता येतो. आधी तो निनावी पाठ, मग जुलियानीचे दोन किंवा तीन, मग सोर. ऊन खिडकीवर आले की गिटार पेटीत. गुरुजी आता प्रवास करीत नाहीत, आणि माझेही धुळ्याला जाणे कमी झाले आहे. गेल्या मे महिन्यात मी कार्कासीचा तिसरा पाठ मोबाइलवर मुद्रित करून त्यांना पाठवला. अनामिकेची चाल पहिल्यांदाच बरी उतरली होती, आणि मला वाटले, काहीतरी कौतुक येईल. संध्याकाळी त्यांचा फोन आला.

"चाल ऐकू आली, भाऊ," ते म्हणाले. "पण पंखा चालू होता."

होता. मंद होता, एकवर. मला वाटले होते, तो मुद्रणात येणार नाही.